कोटांच्या खोलीतला अल्बम

१२ मार्च

उद्या आमच्यावर कोणी माहितीपट काढला तर पहिला प्रश्न येणार, "हे सगळं सुरू कसं झालं?" आणि चौघं चार तोंडांनी चार गोष्टी सांगणार. म्हणून एक प्रामाणिक नोंद हवी. ती ठेवण्याइतका प्रामाणिकपणा आमच्यात फक्त माझ्याकडे आहे.

तर सुरुवात अशी. माझ्या ताईचं ड्रायक्लीनिंगचं दुकान आहे. मी तिथे काउंटर सांभाळतो, म्हणजे कपडे घेतो, चिठ्ठी देतो आणि उरलेल्या वेळात लिहितो. दुकानामागे एक लांबट खोली आहे. धुतलेले कपडे तिथे लोखंडी दांड्यांना टांगलेले असतात. थंडी संपली की लोक कोट, रजया, जाड पडदे धुवायला टाकतात आणि घरात जागा नाही म्हणून पुढच्या थंडीपर्यंत नेतच नाहीत. ताई कोणाला काही म्हणत नाही. "राहू दे. कोट काय जेवायला मागतात?" म्हणते. हे ती माझ्याकडे बघून म्हणते, पण मी लावून घेत नाही.

परवा मी त्या कोटांमध्ये उभा राहून एक कडवं म्हणून पाहिलं. आवाज असा बसला की माझ्याच अंगावर काटा आला. भिंती नाहीत, रस्ता नाही, फक्त मी. लगेच खिळ्याला फोन केला. म्हटलं, आपला स्टुडिओ सापडला.

खिळा म्हणजे माझा शाळेपासूनचा मित्र. लिफ्ट दुरुस्त करतो. एकदा एका गोष्टीवर बसला की हलत नाही म्हणून खिळा. आगपेटी दातांच्या दवाखान्यात मदतनीस आहे. तिला आगपेटी का म्हणतात ते तिच्याशी दोन वाक्यं बोललं की कळतं. डबा मोबाइल दुरुस्तीच्या दुकानात बसतो आणि आमच्या रॅपच्या बीट, म्हणजे खालचा ताल, तयार करतो. आणि मी, वादळ. ग्रुपचं नाव मी ठेवलं: 'पक्का डाग'. ताई म्हणाली, "मी जन्मभर डाग काढतेय आणि तू त्याची पाटी लावतोयस."

मी छत्तीस वर्षांचा आहे. रॅपमध्ये हे वय जास्त समजतात. पण मला अजून कोणी ऐकलेलंच नाही, त्यामुळे माझा आवाज ताजा आहे.

१५ मार्च

पहिली बैठक. अल्बमचं नाव ठरलं: 'धुलाई'. कोणाची, असं डब्याने विचारलं. मी म्हटलं, व्यवस्थेची. तो बरं म्हणाला आणि वायर सोलत बसला.

आज मी दोन नियम मांडले आणि दोन्ही मान्य झाले. माहितीपटवाल्यांनी इथे थोडं थांबावं.

नियम पहिला. आमच्या दुकानात एखाद्या कपड्याचा डाग निघणार नसेल तर ताई त्याला लाल चिठ्ठी टाचते. म्हणजे, हा कपडा होता तसाच परत जाणार. मी म्हटलं, आपलं प्रत्येक गाणं कागदावर लिहून एकेका हँगरला लटकवू. चौघांपैकी कोणीही एकाने त्याला लाल चिठ्ठी लावली, की ते गाणं अल्बममधून बाद. कारण द्यायची गरज नाही. चौघांना मान्य तेच पूर्ण झालेलं गाणं.

"म्हणजे चौघांनाही एकमेकांचा गळा धरायची सोय," आगपेटी म्हणाली.

"ह्याला लोकशाही म्हणतात."

"आमच्या दवाखान्यात ह्याला जबडा अडकणं म्हणतात."

नियम दुसरा. खोलीतलं खोलीत. अल्बम पूर्ण होईपर्यंत एकही गाणं ह्या खोलीबाहेर जाणार नाही. फोनमधून नाही, गुणगुणूनही नाही.

खिळ्याने विचारलं, "घरीसुद्धा नाही?"

"घरी तर नाहीच नाही. घरच्यांइतके वाईट श्रोते कुठे नसतात."

तो जरा वेळ कोटाच्या बाहीशी चाळा करत राहिला. मग म्हणाला, "थंडीच्या आत होईल ना पण?"

"थंडी? अरे, उन्हाळ्यात आपण गाजत असू!"

त्याने माझा हात धरून जोरात हलवला. खिळ्याला प्रसिद्धीची इतकी घाई असेल असं वाटलं नव्हतं.

३० मार्च

खिळ्याच्या घरी गेलो होतो. त्याचे बाबा कारखान्यात टर्नर होते, लोखंड कातायच्या लेथवर जन्म गेला, आता निवृत्त. टीव्ही इतका मोठा लावतात की जिन्यातच बातम्या कळतात. मी अल्बमबद्दल सांगायला लागलो तर प्रत्येक वाक्याला "काय?" दोन्ही कानांत यंत्रं बसवली आहेत, तरी "काय?" माणसाला दुसऱ्याच्या बोलण्यात रस नसला की असं होतं.

शेवटी खिळ्याने त्यांच्या अगदी समोर बसून सावकाश सांगितलं, "बाबा, आम्ही, गाणी, करतोय."

ते म्हणाले, "झाली की ऐकव. अर्धवट नको. अर्धा घडलेला भाग मी कधी साहेबाला दाखवला नाही."

"अर्धं नाही ऐकवणार."

"आणि लवकर कर."

मी म्हटलं ना, प्रसिद्धीची घाई घराण्यातच आहे.

परत येताना खिळा डॉक्टर काय म्हणाले ते सांगत होता. कानाची नस, थोडंथोडं कमी होत जाणार, ह्या थंडीपर्यंत जे ऐकू येईल ते, असं काहीतरी. मी नीट ऐकलं नाही, कारण त्याच वेळी मला 'ज्वालामुखी'ला यमक सुचत होतं.

१९ एप्रिल

आता चौदा हँगर भरले. पैकी आठ गाण्यांत मी आहे, आणि उरलेल्या सहांत मी असायला हवं होतं.

आज खिळ्याने त्याचं गाणं म्हणून दाखवलं. कसं सांगू? मित्र आहे म्हणून हातचं राखून लिहितो. ते रॅप नव्हतं. एकेक शब्द सुटा, ठळक, ओठ नीट हलवून. स्टेशनवरची बाई गाडी उशिरा येणार म्हणून सांगते तसं. ओळीसुद्धा कशा:

भोंगा वाजला, तू निघालास. भोंगा वाजला, तू आलास
घरभर आम्ही बोलत होतो, तू यंत्राचं ऐकत राहिलास

ह्यात बंड कुठे आहे? आग कुठे आहे? भोंगा!

आगपेटीच्या डोळ्यांत पाणी होतं. रजयांवरची पावडर तिला सोसत नाही. डब्याने बीट बंद केली. कोणीतरी खरं बोलायलाच हवं होतं. मी उठलो आणि लाल चिठ्ठी टाचली.

"का?" खिळ्याने विचारलं.

"नियम. कारण द्यायची गरज नाही. पण मित्र म्हणून सांगतो, वेग वाढव."

६ मे

माझ्या आवाजात बदल झाला आहे. आज रेकॉर्डिंग ऐकताना मीच चरकलो. जड, जवळचा, कानात कोणी मध ओतावा तसा. दोन आठवडे मिठाच्या पाण्याने गुळण्या करतोय, त्याचा गुण. शिवाय परिपक्वता.

ताईला ऐकवला. ती आत रजया लावत होती. एका हॉटेलने सगळ्या खोल्यांच्या रजया एकदम धुवायला पाठवल्यात. खोलीत आता पाय ठेवायला जागा नाही, मी दोन रजयांच्या मध्ये सँडविच होऊन गातो. ताई म्हणाली, "छान वाटतंय रे. कोंदट, पण छान."

कलाकाराच्या घरात कलेचे जाणकार नसतातच.

२ जून

आगपेटीने माझ्या 'सूर्य माझ्या खिशात' ह्या गाण्याला लाल चिठ्ठी लावली. कारण द्यायची गरज नसताना तिने दिलं. "खिशात सूर्य असता तर तू ताईकडे रिक्षाला सुटे मागितले नसतेस."

मी रागावलो नाही. फक्त तिच्या 'आ करा' ह्या गाण्याकडे नव्याने पाहिलं. लोक दाताच्या खुर्चीवर तोंड उघडून पडलेले असतात, बोलू शकत नाहीत, आणि ती त्यांच्या वतीने बोलते, असं ते गाणं. सगळे हसतात त्याला. हसवणं सोपं असतं. लाल चिठ्ठी.

मग डब्याच्या नुसत्या वाद्यांच्या तुकड्यालाही लावली. त्यात कोणाचाच आवाज नाही. माझाही नाही.

२३ जून

डब्याने माझ्या दोन गाण्यांना चिठ्ठ्या लावल्या. तोंडातून शब्द नाही, टाचणी मात्र बरोबर मध्यावर. पाण्यात राहून माशाशी वैर! ह्याच्या बीटवर मी गातो म्हणून ह्याला लोक ओळखणार आहेत.

११ जुलै

खिळ्याचं तेच गाणं पुन्हा. एकदा चिठ्ठी लागली तरी सुधारून परत टांगता येतं, असा पोटनियम मी जूनमध्ये केला होता (माझ्या 'सूर्या'साठी). त्याने दोन ओळी बदलल्या आहेत. वेग तोच.

"वेग वाढव म्हटलं होतं मी."

"वाढवला तर समजणार नाही."

"कोणाला?"

"ऐकणाऱ्याला."

"अरे, रॅप काय समजण्यासाठी असतं?"

हे वाक्य माझ्या तोंडून सहज निघून गेलं, पण आहे जोरदार. माहितीपटात घ्यावं. आगपेटी माझ्याकडे बघत राहिली, रुग्णाच्या दाढेत काही भयंकर दिसल्यावर बघत असेल तशी.

चिठ्ठी लावली. जड मनाने लावली, हेही नोंदवतो. जाताना खिळा दांड्यावरची धूळ फडक्याने पुसून गेला. त्याला तशी सवय आहे, यंत्र दिसलं की पुसतो.

१४ ऑगस्ट

खिळ्याचे बाबा कोट द्यायला दुकानात आले होते. उन्हाळाभर घरात पडला होता म्हणे, आता आठवला. मी चिठ्ठी लिहिली. ते माझ्या तोंडाकडे टक लावून बघत होते. नजर हलेना. पाच महिन्यांत माझ्या व्यक्तिमत्त्वात काहीतरी आलेलं असणार, लोक थबकतात.

"झालं का?" त्यांनी विचारलं.

"कोट? पुढच्या बुधवारी."

"काय?"

"बुधवारी!"

ते हसले आणि मान हलवून गेले. ताई आतून म्हणाली, "ते कोटाचं विचारत नव्हते रे, धाकट्या."

"मग कशाचं?"

ताईने इस्त्रीची वाफ सोडली. तिला उत्तर द्यायचं नसलं की ती वाफ सोडते.

७ सप्टेंबर

हँगरवर आता एकच गाणं बिनचिठ्ठीचं उरलंय. ते चौघांचं आहे, त्यात आम्हा तिघांचं एकेक कडवं आणि डब्याची बीट. बाकी तेरा जागी लाल. खोलीत शिरलं की आमच्या दुकानाने साऱ्या गावाचे कपडे बिघडवल्यासारखं दिसतं.

आगपेटी म्हणाली, "नियम बदलू या. तिघांना मान्य असलं तरी पुरे."

नियम बदलायलाही चौघांची संमती लागते. मी दिली नाही. तत्त्व म्हणजे तत्त्व. आज तिघांवर भागवलं तर उद्या चौथा कोण असेल सांगता येतं का?

तिघांनी एकमेकांकडे पाहिलं. त्यांना बहुतेक सांगता येत होतं.

१९ ऑक्टोबर

थंडी पडली. एकदम. सकाळपासून काउंटरवर रांग. सगळ्यांना आजच कोट हवेत. हॉटेलच्या रजया गेल्या, पडदे गेले. हात दुखून आले. कलाकाराच्या हातांनी हे करावं लागतं.

माझा आवाज गेला आहे. म्हणजे बोलता येतं, पण ते मधासारखं काही राहिलं नाही. चौघांच्या गाण्यातलं माझं कडवं आज रेकॉर्ड केलं, तर कोणी टिनाच्या डब्यात चमचा वाजवतोय असं वाटलं. घशाच्या डॉक्टरांकडे जाऊन आलो. त्यांनी आत बॅटरी मारली आणि म्हणाले, "घसा ठणठणीत आहे." त्यांच्या ठणठणीत म्हणण्यातही मला तो पोकळ आवाज ऐकू आला.

२६ ऑक्टोबर

आज जे झालं ते जसंच्या तसं लिहितो.

डब्याने चौघांचं गाणं जोडून ऐकवलं. आगपेटीने तिचं कडवं मे महिन्यात म्हटलं होतं, खिळ्याने ऑगस्टात, मी आत्ता. ऐकताना असं वाटतं की आगपेटी आपल्या खिशात बसून बोलतेय, खिळा शेजारच्या खोलीत आहे आणि मी विहिरीत पडलोय.

"माझा घसा..." मी म्हटलं.

"घसा नाही. कोट." डबा म्हणाला. वर्षभरातलं त्याचं सगळ्यात मोठं भाषण मग आलं. "कपडे आवाज पितात. मेमध्ये खोली गच्च भरली होती. आता रिकामी होतेय. रोज दहा कोट जातात, रोज आवाज बदलतो. मेमध्ये तुझा आवाज भारी झाला नव्हता. हॉटेलच्या रजया भारी होत्या."

"हे तू तेव्हा का नाही सांगितलंस?"

"सांगितलं होतं. दोनदा. तू गुळण्या करत होतास."

मी हरणाऱ्यांतला नाही. ताबडतोब तोडगा काढला. पुढच्या उन्हाळ्यात कोट परत येतील, खोली भरेल, तेव्हा सगळं नव्याने, एकाच आठवड्यात रेकॉर्ड करायचं. तोपर्यंत लेखन पक्कं करू. घाईत केलेली कला म्हणजे ओला कपडा इस्त्री करणं.

खिळा म्हणाला, "मला थंडीच्या पुढचं काही नको."

"का? कुठे जाणार आहेस?"

"मी नाही जाणार कुठे."

"मग?"

आगपेटी उठली. "तुला खरंच कळत नाहीये की कळून घ्यायचं नाहीये?"

"कळतंय ना. घाई करतोय तो."

तिने पर्स उचलली. दारात वळून म्हणाली, "माझ्याकडे रोज वीस माणसं तोंड उघडून बसतात. पण इतका वेळ तोंड उघडं ठेवणारा माणूस मी पहिल्यांदा पाहिला."

ती गेली. खिळा गेला. डब्याने वायरी नीट गुंडाळल्या, आणि मग तोही गेला. मी उरलो. टाळी वाजवून पाहिली. खोलीने परत दिली.

९ नोव्हेंबर

कोणी येत नाही. खिळा फोन उचलतो, बोलतो, पण जिन्यात भेटलेल्या शेजाऱ्याशी बोलावं तसं. बारा वर्षांचे होतो तेव्हापासून आम्ही एकमेकांना शिव्या देऊन फोन उचलतो. काल तो "हं, बोल" म्हणाला.

ग्रुप फुटण्याचा प्रसंग प्रत्येक मोठ्या ग्रुपच्या इतिहासात असतो. पण तो अल्बम निघाल्यावर येतो. आमचा आधीच आला. मला हे जेवढं गमतीचं वाटायला हवं तेवढं वाटत नाहीये.

१६ नोव्हेंबर

ताई जेवताना म्हणाली, "त्या पोराला बापाला एक गाणं ऐकवायचंय. तू त्याला आठ महिने थांबवून ठेवलंस."

"कोण म्हणालं?"

"सगळं गाव म्हणतंय. तो स्वतः सोडून."

मी तिला नियम समजावून सांगितले. तिने शांतपणे ऐकून घेतलं, ग्राहकाचा डाग कसा पडला ते ऐकते तसं. तिचा नवरा गेला तेव्हाही लोक तिला पुष्कळ काही समजावायला यायचे, तेव्हाही ती असंच ऐकायची.

"म्हणजे गाणं खोलीबाहेर न्यायचं नाही."

"नाही."

"पण बाहेरच्या माणसाने खोलीत यायचं नाही, असं नाही ना कुठे म्हटलेलं?"

मी आठवून पाहिलं. असं काही म्हटलेलं नव्हतं. नियम करताना, खरं सांगायचं तर, आम्हाला ऐकायला कोणी आपणहून येईल हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं.

"मग खोली माझी आहे," ताई म्हणाली. "रविवारी दुकान बंद असतं. किल्ली मी खिळ्याला कधीच दिली आहे."

कधीच म्हणजे कधी, हे विचारायच्या आत तिने ताटं उचलली.

२३ नोव्हेंबर, रविवार

गेलो. जायचं नव्हतं, पण माझ्याच बँडचा कार्यक्रम माझ्याशिवाय होतो म्हणजे काय? खिशात एक लाल चिठ्ठी ठेवली होती. तत्त्वासाठी.

खोली पूर्ण रिकामी. एकही कोट नाही. नुसते लोखंडी दांडे, या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत. पाऊल टाकलं तरी घुमतं. आगपेटी खिडकीत बसली होती. डब्याने दोन मोठे स्पीकर दांड्यांच्या खांबांना टेकवून ठेवले होते. हे तिघं दोन आठवडे दुकान बंद झाल्यावर इथे येत होते, खिळ्याचं ते गाणं ह्याच रिकाम्या खोलीत पहिल्यापासून शेवटपर्यंत नव्याने म्हटलं होतं, हे मला तिथे कळलं. मला कोणी बोलावलं नव्हतं. त्यांच्या जागी मी असतो तर मीही बोलावलं नसतं, असं जाता जाता मनात आलं. लिहिलं आहे तर राहू दे.

खिळ्याचे बाबा आले. अंगात तोच कोट, बुधवारी मिळालेला. कानांत यंत्रं नव्हती. "खरखर करतात नुसती," म्हणाले, जरा मोठ्याने, ज्यांना स्वतःचा आवाज ऐकू येत नाही ते बोलतात तसं. ताईने खुर्ची दिली. ते बसले नाहीत. खिळ्याकडे बघून त्यांनी विचारलं, "पूर्ण झालंय ना?"

खिळा हो म्हणाला नाही. त्याने माझ्याकडे पाहिलं.

मग आगपेटीने पाहिलं. डब्याने पाहिलं. चौघांना मान्य तेच पूर्ण, हा माझाच नियम, आणि हे गाढव तो इथेसुद्धा पाळत होतं. माझ्या खिशात चिठ्ठी होती. खोली घुमत होती, रेकॉर्डिंगच्या दृष्टीने ते चूकच होतं. म्हातारा माझ्या तोंडाकडे बघत होता. ऑगस्टात बघत होता तसाच. आणि तेव्हा, उशिराने, ताईचं ते वाफ सोडणं मला कळलं. 'झालं का?' हे गाण्याबद्दल होतं. ते माझं व्यक्तिमत्त्व बघत नव्हते. ते माझे ओठ बघत होते.

"हो," मी म्हटलं. ओठ नीट हलवून म्हटलं. "पूर्ण झालंय."

डब्याने गाणं लावलं. त्या उघड्या खोलीत बीट कारखान्याच्या शेडमध्ये पडावी तशी पडली. बाबांनी हात लांब केला आणि तळवा दांड्यावर ठेवला. दांडा थरथरत होता. त्यांनी डोळे मिटले, जरा मान वाकडी केली. लेथ नीट चालतोय का ते बघायला असाच हात ठेवायचे म्हणे. खिळा समोर उभा राहून रेकॉर्डिंगबरोबर ओळी म्हणत होता, एकेक शब्द सुटा. मग त्यांनी डोळे उघडले आणि शेवटपर्यंत त्याच्या तोंडावरून काढले नाहीत.

मी पडू नये म्हणून तू सावकाश चाललास
शब्द सांडू नये म्हणून मी सावकाश बोलतो

ह्या ओळी एप्रिलपासून तिथेच होत्या. मी त्यांना दोनदा चिठ्ठी लावली होती. शेवटपर्यंत एकदाही ऐकल्या नव्हत्या.

गाणं संपलं. दांडा थोडा वेळ वाजत राहिला. बाबा म्हणाले, "नीट झालंय काम." एवढंच. खिळ्याच्या खांद्यावरची नसलेली धूळ त्यांनी झटकली. आगपेटीने ह्या वेळी पावडरचं निमित्तही केलं नाही. खोलीत एकही रजई नव्हती.

इथे मी निघून जायला हवं होतं. पण बाबा माझ्याकडे वळले. "तूही म्हणतोस ना? म्हण की."

कोणी म्हण म्हटलं तर मी कधी टाळत नाही. छाती भरून घेतली आणि माझं सगळ्यात जोरदार कडवं सोडलं. ज्वालामुखी, यमदूत, वणवा, सगळं, एका दमात. खोलीने ते दुप्पट करून परत फेकलं.

"काय?" बाबा म्हणाले.

थोडं हळू म्हटलं.

"काय?"

खिळा म्हणाला, "समोर ये. सावकाश म्हण." तो टोमणा मारत नव्हता. शाळेत मला गणित सांगायचा त्याच आवाजात म्हणाला.

मी समोर गेलो. ओठ हलवून, एकेक शब्द वेगळा करून म्हटलं, "मी. वादळ."

"बरं." त्यांनी मान हलवली. सगळं समजलं होतं. "मग?"

"मी. वणवा."

"बरं. पुढे?"

पुढची ओळ मी मनात आणली. तीही मीच होतो. तिच्या पुढचीही. अख्खं कडवं मी भराभर चाळून पाहिलं, काउंटरवर हरवलेला कोट शोधतो तसं, ह्या टोकापासून त्या टोकापर्यंत. नुसते हँगर होते.

ते वाट बघत होते. मनापासून बघत होते. माझं बोलणं इतक्या लक्ष देऊन आजवर कोणी ऐकलं नव्हतं.

"एवढंच," मी म्हटलं.

त्यांनी माझ्या दंडावर थोपटलं. "अर्धं आहे अजून. झालं की दाखव." मग म्हणाले, "ऐकू आलं नाही तरी मी बघेन."

माहितीपटात हा भाग नको. पण लिहून ठेवतो.